पाण्यातील गुरुजन

मुलांना पोहणे शिकविण्याचा विषय निघाला म्हणजे आपल्या घरांतून बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात. तलावाचे पाणी स्वच्छ असते काय, आणि महिन्याची फी किती? शिकविणारा गृहस्थ कोण, तो स्वतः कोठे व कसा शिकला, लहान मुलांत वावरण्याची त्यास सवय आहे काय, हे विचारणारे पालक थोडे. मुलास गणिताची शिकवणी लावावयाची असली तर आपण मास्तरांची पदवी विचारतो, मागील वर्षीच्या निकालाची चौकशी करतो. मुलीस गाणे शिकवावयाचे असले तर गुरूचे घराणे कोणते, येथपासून आरंभ होतो. गणिताचा मास्तर कच्चा निघाला तर मुलाचे दहा-वीस गुण जातील. गाण्याचा गुरू कच्चा निघाला तर गळ्यास वाईट वळण लागेल. परंतु ज्या विद्येत शिक्षकाची नजर क्षणभर ढळली तर शिष्याच्या प्राणावर बेतावयाचे, त्या विद्येच्या गुरूविषयी आपण इतके बेफिकीर असावे, हे नवल होय.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी चिरंजीवांकडे कोयनानगर येथे राहावयास आलो, तेव्हापासून हा विषय माझ्या मनात घोळत आहे. येथे पाण्यास तोटा नाही. वर्षास सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. धरणाच्या वरच्या अंगास पार तापोळ्यापर्यंत पसरलेला शिवसागर. खालच्या अंगास कराडकडे धावणारी कोयनामाई. असे असूनही माझ्या परिचयाच्या सुशिक्षित घरांतील बहुतेक मुलांना पोहता येत नाही. उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे मुले कराड, सातारा, सांगली येथे आजोळी जातात, आणि तेथील पोहण्याच्या वर्गांची चौकशी सुरू होते. मी जुना शिक्षक, म्हणून पालक माझा सल्ला विचारतात. एका वर्गाचे शिक्षक म्हणे राज्याच्या स्पर्धांत चमकलेले असतात. दुसऱ्यांपाशी पतियाळाचे प्रमाणपत्र असते. तिसरे नुसतेच नदीकाठचे, अक्षरशत्रू, पण निम्मे गाव त्यांच्यापाशी शिकलेले. मुलाला कोणाच्या हाती द्यावे? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि त्याचे उत्तर शोधताना मला प्रथम आठवण झाली ती एका शब्दाची.

संस्कृतात 'तॄ' म्हणून एक धातू आहे. त्याचा अर्थ तरून जाणे, पार होणे. तरी म्हणजे होडी, तारक म्हणजे तारणारा, अवतार म्हणजे खाली उतरणे, ही सर्व त्याच धातूची लेकरे. 'तीर्थ' हा शब्दही त्यातलाच. आज आपण तीर्थ म्हटले की काशी-प्रयाग डोळ्यांपुढे आणतो, किंवा पूजेनंतर पळीभर हातावर घेतो ते पाणी. मुळात तीर्थ म्हणजे नदीचा उतार. जेथे पाय घसरत नाही, तळ ठाऊक असतो, आणि जेथून माणसाने निर्धास्तपणे पाण्यात शिरावे अशी जागा. याच शब्दाचा दुसरा अर्थ कोशकारांनी दिला आहे तो 'गुरू' असा. एका गुरूपाशी शिकणारे ते 'सतीर्थ्य'. हा शब्द अमरकोशात आहे, आणि त्याची व्युत्पत्ती पाणिनीने सांगून ठेविली आहे. वडिलांना पत्र लिहिताना आपण 'तीर्थरूप' लिहीत आलो, त्याच्या मुळाशी हीच भावना आहे. पाण्यात शिरण्याची सुरक्षित जागा आणि शिकविणारा माणूस या दोहोंस आपल्या पूर्वजांनी एकच नाव दिले. पोहणे शिकविणाऱ्याच्या ठायी तर हे दोन्ही अर्थ अक्षरशः एकत्र येतात.

आता असा गुरू ओळखावा कसा? यावर कालिदासाने एक निवाडा देऊन ठेविला आहे. 'मालविकाग्निमित्र' नाटकाच्या पहिल्या अंकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण यावरून वाद माजतो, आणि निवाड्यास परिव्राजिका कौशिकीला बसवितात. ती सांगते त्याचा भावार्थ असा की, कोणाची विद्या त्याच्या स्वतःच्या ठिकाणीच शोभते, तर कोणाचे विशेष कौशल्य ती दुसऱ्यात उतरविण्यात असते; ज्याच्यापाशी ही दोन्ही आहेत त्यालाच शिक्षकांच्या अग्रभागी बसवावे. शिवाय परीक्षा आचार्यांच्या नाचण्याची घ्यावयाची नाही, शिष्येच्या नाचण्याची घ्यावयाची, असे ठरते. पस्तीस वर्षे खडू हाती धरल्यावर मला वाटते की, शिक्षणशास्त्राच्या कित्येक जाड ग्रंथांचे सार एवढ्यात आले. हाच निकष घेऊन पोहणे शिकविणाऱ्यांच्या निरनिराळ्या परंपरा पाहू.

पहिली परंपरा नदीकाठची. माझे बालपण कराडास गेले. तेथे कोयना कृष्णेस समोरासमोर येऊन मिळते, तो प्रीतिसंगम प्रसिद्धच आहे. आम्हा मुलांना पोहणे शिकविले ते एका वृद्ध नावाड्याने. त्यांना आम्ही आजोबा म्हणत असू. संगमाच्या ओढीपासून दूर, कंबरभर पाण्यात त्यांची शाळा भरे. पहिले तीन दिवस ते कोणासही पाण्यात घेत नसत. काठावर बसवून काय तरंगते, काय बुडते, भोवरा कोठे फिरतो, पाण्याचा रंग कोठे बदलतो, हे पाहावयास लावीत. चौथ्या दिवशी पाठीस पांगाऱ्याच्या लाकडाचा ओंडका बांधला जाई. पांगारा वजनाला हलका, पाण्यावर सहज तरंगतो. मुलगा हातपाय मारू लागला की दोन-चार दिवसांनी त्याच्या नकळत आजोबा कोयत्याने ओंडक्याची एक ढलपी उडवीत. असे करता करता महिनाअखेर पाठीवर टीचभर लाकूड उरे, आणि एके दिवशी तेही नसे. मुलाला ते कळे तोवर तो पैलतीराच्या बाजूस दहा हात गेलेला असे.

पुढे मी शिक्षक झालो आणि एकदा त्यांना भेटावयास गेलो. ते मला आता 'मास्तर' म्हणू लागले होते. मी विचारले, "आजोबा, इतक्या पोरांना तुम्ही शिकवलंत, एकालाही कधी ढकलून दिलं नाहीत. बाकीचे तर विहिरीत फेकूनच देतात." ते म्हणाले, "मास्तर, पोहणं काय शिकवायचं असतंय व्हय? पोराचं भ्या तेवढं तासायचं, लाकडागत. एकदम तोडलं तर पोरगं पाण्याला जन्मभर वैरी समजतंय." बाल-मानसशास्त्राचे एक अक्षर न वाचलेल्या त्या माणसाने मला माझ्याच धंद्यातले जे सांगितले, ते प्रशिक्षणाच्या वर्गात कोणी सांगितले नव्हते. यात आणखी एक गोष्ट आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांच्या हातचे पाणी आमच्या आजोबा-पणजोबांनी घेतले नसते, त्यांच्याच तळहातावर पालथे पडून आम्ही पाण्यावर राहावयास शिकलो. शाळेतील मास्तरांना आम्ही वाकून नमस्कार करीत असू. या गुरूला गुरुपौर्णिमेस नारळ द्यावा असे आमच्यापैकी कोणाच्या घरी सुचल्याचे मला स्मरत नाही. पंडित आणि नावाडी यांची गोष्ट आपण मुलांना हसत हसत सांगतो. व्याकरण न शिकल्यामुळे नावाड्याचे अर्धे आयुष्य फुकट गेले म्हणणारा पंडित शेवटी पोहता न आल्यामुळे सगळेच गमावून बसतो. त्या गोष्टीतील पंडित कोण, हे मात्र आपण मुलांना सांगत नाही.

तथापि निवाडा करावयाचा तर उणेही सांगितले पाहिजे. आजोबांची समजूत अशी होती की, बुडालेल्या माणसास बाहेर काढले म्हणजे त्याला खांद्यावर उलटा टाकून फिरवावे, पोटातले पाणी निघाले की तो शुद्धीवर येतो. ही समजूत नदीकाठी सर्वत्र होती आणि अजूनही आहे. वैद्यकशास्त्र आज याच्या उलट सांगते. बुडालेल्याचा घात होतो तो पोटातील पाण्याने नव्हे, श्वास थांबल्याने. म्हणून पाणी काढण्यात वेळ न दवडता तोंडाने श्वास द्यावयाचा, आणि नाडी नसेल तर छातीवर दाब द्यावयाचा. उलटे टाकून फिरविण्यात गेलेली दोन मिनिटे परत येत नाहीत. म्हणजे पाण्यात उतरविण्याची विद्या आजोबांपाशी पूर्ण होती, पाण्यातून परत आणण्याची अपुरी होती. प्रेम आणि अनुभव यांनी ही उणीव भरून निघत नाही. ती शिकावीच लागते.

दुसरी परंपरा पदकविजेत्यांची. ज्याने स्वतः स्पर्धा गाजविली तो उत्तम शिकविणार, अशी आपली सहज समजूत असते. पुष्कळदा ती खोटी ठरते. कारण ज्याला एखादी गोष्ट उपजत साधते, त्याला ती इतरांना का साधत नाही हेच उमगत नाही. पण ज्याला आपली विद्या संकटातून पुन्हा मिळवावी लागली, त्याची गोष्ट निराळी असते. बंगालचे सचिन नाग यांचे उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९४७ साली कलकत्त्याच्या दंग्यात त्यांच्या पायास गोळी लागली. पुन्हा पोहू लागण्यास दीर्घकाळ लागेल असा वैद्यांचा अंदाज होता. ते १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये उतरले, आणि १९५१ साली दिल्लीस भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत १०० मीटर मुक्तशैलीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. कलकत्त्याच्या हाटखोला क्लबात पोहावयास येणाऱ्या एका चिमुरड्या मुलीचे गुण याच गृहस्थांनी हेरले. ती आरती साहा. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये ती पोहली तेव्हा तिला बारावे वर्षही पुरे झाले नव्हते. याच हेलसिंकीत आमच्या कराडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले, म्हणून हे साल आमच्या भागात सर्वांस पाठ आहे. पुढे १९५९ च्या ऑगस्टमध्ये आरतीचा इंग्लिश खाडी पोहण्याचा पहिला प्रयत्न फसला. पण महिनाभरातच, २९ सप्टेंबर रोजी, तिने ती खाडी पार केली. असा पराक्रम करणारी ती आशिया खंडातील पहिली स्त्री होय. गल्लीतला एक क्लब, तेथे येणारी मुले, आणि त्यांतून एक मूल ओळखणारी नजर, एवढ्या सामग्रीवर हे घडले.

तिसरी परंपरा माझ्या स्वतःच्या धंद्याची, म्हणून तिचा मला विशेष अभिमान वाटतो. हवाई बेटांपैकी माउई बेटावर उसाचे अफाट मळे होते, आणि त्यांत जपानहून व इतर देशांतून आलेले मजूर राबत. त्यांची मुले मळ्याला पाणी देणाऱ्या पाटात डुंबत आणि पहारेकऱ्यांकडून हाकलली जात. तेथील प्राथमिक शाळेतील शिक्षक सोइची साकामोटो यांनी मुलांवर लक्ष ठेवण्याचे पत्करले, आणि त्यांना पाटात उतरण्याची परवानगी मिळविली. साकामोटो स्वतः काही नावाजलेले पोहणारे नव्हते. परंतु त्यांनी पाहिले की, पाटाच्या प्रवाहाविरुद्ध पोहताना मुलांचा दम वाढतो, आणि प्रवाहाबरोबर परत येताना त्यांना विसावा मिळतो. या निरीक्षणावर त्यांनी शिक्षणाची पद्धत बसविली. १९३७ साली त्यांनी मुलांचा एक क्लब काढला व तीन वर्षांनी भरणाऱ्या १९४० च्या ऑलिम्पिकचे ध्येय त्यांच्यापुढे ठेविले. महायुद्धामुळे ते ऑलिम्पिक भरलेच नाही. पण गुरूने धीर सोडला नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या बिल स्मिथने १९४८ साली लंडनमध्ये ४०० मीटर मुक्तशैलीत आणि सांघिक शर्यतीत मिळून दोन सुवर्णपदके मिळविली. आमच्या कृष्णाकाठीही ऊस आहे, पाट आहेत, आणि पाटात डुंबणारी मुले आहेत. शाळामास्तरही आहेत. म्हणून ही सातासमुद्रापलीकडची कथा मला परकी वाटत नाही. अर्थात आमच्या पाटांत मुले सोडावीत असे मी म्हणत नाही. बांधीव काठाच्या वाहत्या कालव्यातून बाहेर येणे मोठ्या माणसासही अवघड जाते. घ्यावयाचे ते मास्तरांचे निरीक्षण आणि त्यांची जबाबदारीची जाणीव.

चौथी परंपरा शास्त्राची. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे जेम्स काउन्सिलमन हे दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमान चालवीत. युद्धानंतर त्यांनी शरीरशास्त्राचा अभ्यास केला, पाण्याखाली चित्रफिती घेऊन उत्तम पोहणाऱ्यांचे हात प्रत्यक्षात कसे फिरतात हे तपासले, आणि १९६८ साली पोहण्याच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिला. १९७२ च्या म्यूनिक ऑलिम्पिकमध्ये सात सुवर्णपदके मिळविणारा मार्क स्पिट्झ हा त्यांचा विद्यार्थी. पुढे १९७९ मध्ये वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी हे गुरुजी स्वतः इंग्लिश खाडी पोहून गेले. आपल्याकडे या शास्त्रीय शिक्षणाचे मुख्य पीठ म्हणजे पतियाळाची राष्ट्रीय क्रीडासंस्था. ती १९६१ साली स्थापन झाली, आणि तेथील पदविका म्हणजेच लोक बोलतात ते 'पतियाळाचे प्रमाणपत्र'. शरीररचना, श्वसन, सरावाचे मोजमाप, दुखापतीचे उपचार हे सर्व तेथे रीतसर शिकविले जाते. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे परीक्षा दिल्या नाहीत. संस्कृत शिकलो ते शास्त्रीबोवांच्या ओसरीवर. म्हणून कागदाचे अवास्तव कौतुक मला नाही. परंतु ज्याच्या हाती मूल द्यावयाचे त्याने श्वास थांबलेल्या मुलाचे काय करावे हे परीक्षा देऊन सिद्ध केलेले असावे, अशी अपेक्षा धरणे म्हणजे कागदाची पूजा नव्हे.

१९७२ या सालाचे नाव निघाले म्हणून आमच्या सांगली जिल्ह्यातील एका वीराचे स्मरण केल्यावाचून राहवत नाही. पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात जवान होते आणि मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे शरीर कमरेखाली निकामी झाले. रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले. जमिनीवर ज्या देहाचा भार वाटे तो पाण्याने उचलून धरला. १९७२ च्या ऑगस्टात जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत ५० मीटर मुक्तशैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत तोडून त्यांनी सुवर्णपदक मिळविले आणि जागतिक उच्चांक केला. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याच देशात स्पिट्झची सात पदके सुरू झाली. त्या सात पदकांचा डंका जगभर वाजला. पेटकरांना पद्मश्री मिळावयास २०१८ साल उजाडावे लागले. येथे गुरू कोण, असे विचाराल तर उपचार करणारे हात. पोहणे शिकविणाऱ्याची पार्श्वभूमी कधी रुग्णालयाचीही असू शकते, आणि पाण्याचा पहिला धडा जिंकण्याचा नसून आधाराचा असतो, हे या उदाहरणाइतके दुसऱ्या कशाने स्पष्ट होत नाही.

परंपरांची ही तुलना आमच्या खोऱ्यात लावून पाहू. धरण होण्यापूर्वीची कोयना ही नावाड्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी वाचलेली पोथी होती. ज्येष्ठात ती केव्हा चढते, आश्विनात केव्हा उतरते, चैत्रात कोठे पायउतार होते, हे सर्व ठरलेले. १९६० नंतरच्या दशकात धरण पुरे झाले आणि नदीची रीत बदलली. आज धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातील दोन्ही यंत्रे सुरू झाली म्हणजे २१०० क्युसेक पाणी नदीत येते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या सांगलीकडील उपसा योजनांसाठी भर उन्हाळ्यात पाणी सोडावे लागते. आभाळात ढग नाही, ऊन रणरणते आहे, आणि नदी चढते आहे, असा प्रकार आमच्या जुन्या आजोबांनी पाहिला नव्हता. पावसाळ्यात धरणाचे सहा वक्र दरवाजे उचलतात तेव्हा तर विचारावयास नको. इशारा दिला जातो. पण डोहात सूर मारण्याच्या नादात असलेल्या मुलाला तो ऐकू जाईल व त्याचा अर्थ कळेल, याची शाश्वती नाही. म्हणजे जुन्या पाणक्यांची विद्या येथे अपुरी पडते. उलटपक्षी ज्याने पंचवीस मीटरच्या फरशीच्या तलावातच पोहणे शिकले व शिकविले, त्यास ओढ, भोवरा, शेवाळ, गाळात रुतणारा पाय यांची कल्पना नसते. त्याच्या वर्गात मुलगा चार शैली शिकेल, परंतु त्याच मुलाने 'मला पोहता येते' या भरवशावर नदीत उडी टाकली तर ते शिक्षण त्याचा घात करील. कालिदासाच्या परिव्राजिकेने दोन गुण एका ठिकाणी मागितले. आमच्या खोऱ्यात तर ही मागणी चोखंदळपणाची नाही, गरजेची आहे.

ही गरज किती मोठी, हे २०१९ च्या महापुराने दाखविले. त्या वर्षी ८ ऑगस्ट रोजी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन सुरक्षित स्थळी निघालेली नाव उलटली. जन्मभर कृष्णेच्या काठी राहिलेली माणसे कृष्णेतच गेली. त्यांत स्त्रिया होत्या, लहान मुले होती. महापुराच्या ओढीत पट्टीचा पोहणाराही हतबल होतो, हे मान्य. पण अंगावर तरंगते जाकीट असणे, उताणे पडून श्वास छातीत धरणे, घाबरून एकमेकांस न कवटाळणे, या गोष्टी आधी शिकलेल्यास जगण्याची थोडी अधिक संधी मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात तीन लाखांच्या आसपास माणसे बुडून मेली, आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. शाळेच्या वयातील मुलांना पोहण्याचे व पाण्यातील सावधगिरीचे प्राथमिक शिक्षण द्यावे, असा या संघटनेचा स्पष्ट सल्ला आहे.

येथे मुलींविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. आमच्या नावाडी आजोबांच्या शाळेत केवळ मुलगे असत. आमच्या बहिणी घाटाच्या पायरीवर बसून आमचे कपडे सांभाळीत. गंमत अशी की, नदीशी रोजचा संबंध यावयाचा तो स्त्रियांचा. धुणे त्यांचे, पाणी भरणे त्यांचे, पूजेस घाटावर जाणे त्यांचे. पाय घसरण्याचा धोका ज्यांना अधिक, त्यांनाच विद्या नाही, असा हा व्यवहार होता. मुलीस पोहावयास पाठविण्यात आजही जो संकोच वाटतो, त्याचे अर्धे कारण शिक्षिका मिळत नाहीत हे आहे. पोहण्यात तरबेज झालेल्या मुलींनी लग्नानंतर हे अंग सोडून न देता शिकविण्याकडे वळावे, आणि सासरच्यांनी त्यास हातभार लावावा. शाळेत मास्तरीण येण्यापूर्वी मुलींच्या शाळा ओस असत, हे या मासिकाच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

मग शिक्षक निवडताना पालकांनी काय पाहावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे वर्ग सुरू होण्यापूर्वी एक दिवस नुसते काठावर जाऊन बसावे. शिक्षक पाण्यात असताना काठावर लक्ष ठेवणारा दुसरा माणूस आहे काय, हे पाहावे. एका शिक्षकामागे मुले किती आहेत ती मोजावीत. शिकविणाऱ्याचे डोळे मुलांवर आहेत की हातातील फोनवर, हे पाहावे. कारण बुडणारे मूल नाटकातल्याप्रमाणे ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते, आवाजास श्वासच उरत नाही, आणि पाहणाऱ्यास ते खेळते आहे असे वाटते. श्वास देण्याचे शिक्षण शिक्षकाने घेतले आहे काय, हे निःसंकोच विचारावे. जो चांगला असेल त्यास राग येणार नाही. आणि सर्वांत शेवटी, भ्यालेल्या मुलाशी तो कसा वागतो ते पाहावे. पुढे गेलेल्या मुलास शिकविणे सोपे आहे. पायरीला घट्ट धरून रडणाऱ्या मुलापाशी जो थांबतो, त्याला चिडवीत नाही, आणि फेकूनही देत नाही, तो खरा शिक्षक. ही कसोटी उतरली तर मग तो पदकविजेता असो, पदविकाधारक असो वा नावाड्याचा नातू असो.

एक गोष्ट मात्र वेळीच केली पाहिजे. नद्यांवर पूल झाले, नावा काठास लागल्या, आणि नावाड्यांची मुले निराळ्या पोटापाण्यास लागली. यात वाईट काही नाही. परंतु त्यांच्या घरची पाण्याची विद्या या एका पिढीबरोबर संपण्याच्या बेतात आहे. कृष्णा-कोयनेच्या काठच्या बहुतेक गावांत असा एखादा वृद्ध अजून सापडेल, आणि त्याच्या घरी पाण्यात वाढलेला एखादा तरुण नातूही असेल. गावातील शाळेने, तालमीने किंवा चार सुखवस्तू घरांनी वर्गणी करून त्या तरुणास रीतसर प्रशिक्षणास पाठवावे. जीव वाचविण्याचे शास्त्र आणि शिकविण्याची पद्धत शिकून तो परत आला की गावच्या मुलामुलींचा वर्ग त्याच्या हाती द्यावा, आणि त्यास योग्य वेतन द्यावे. आजोबांचा पांगारा आणि पतियाळाचे प्रमाणपत्र त्याच्या ठायी एकत्र येतील. येत्या गुरुपौर्णिमेस नारळ घेऊन निघाल तेव्हा त्या वृद्धाचे घरही वाटेवर ठेवा, आणि नातवाची गोष्ट तेथेच काढा.